विचार करणारी हार्ड डिस्क

"हिच्यात फिरतं काय?" इंदुआत्यानं विचारलं.

"काही नाही फिरत."

"बरं, मग हलतं काय?"

"काहीच हलत नाही, आत्या. तीच तर गंमत आहे."

आत्यानं ती एसएसडी, म्हणजे नव्या जातीची हार्ड डिस्क, तळहातावर घेतली. चिक्कीच्या वडीएवढी ती वस्तू तिनं उलटसुलट करून पाहिली, नारळ घेताना पाहतात तशी कानाशी नेऊन हलवली आणि नाक मुरडून मला परत दिली.

"फिरत नाही, हलत नाही, आवाज नाही. मग दिवसभर करते काय? आमच्या विदूच्या सासऱ्यासारखी नुसती बसून असते?"

विदू म्हणजे विद्याधर, आत्याचा एकुलता एक मुलगा. तो पुण्याला असतो. हा सगळा खटाटोप मुळात त्याच्यामुळेच सुरू झाला होता.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात माझं संगणक दुरुस्तीचं नवंनवं दुकान होतं. आईवडील वाईला, आणि मी इकडे एकटा, त्यामुळे दुपारचं जेवण रोज आत्याकडेच हाणायचो. आत्या घरातल्या बाहेरच्या खोलीत आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ चालवायची. आम्ही कासार, तांब्या-पितळेच्या भांड्यांतले. समाज मुळात लहान, त्यात पोरंपोरी शिकून चारी दिशांना पांगलेली. आतोबा होते तोवर मंडळाचं काम ते आणि आत्या मिळून बघायचे. एके दुपारी जेवून आतोबा आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आत्यानं मंडळ एकटीनं ओढलं.

आतोबांनी घेतलेला संगणकही तिनं तसाच ठेवला होता. त्यातली हार्ड डिस्क इतकी म्हातारी झालेली की एका मुलीची माहिती उघडायची म्हटली तरी चहाला उकळी येऊन जायची. तेवढा वेळ आतून आवाज यायचा, खुरखुर, खुरखुर. संगणकाच्या डोक्यावर आत्याच्या आईची पितळी कोयरी ठेवलेली असायची, हळदीकुंकवाची. डिस्क फिरायला लागली की कोयरीचं झाकण बारीक किणकिणायचं.

"विचार करतोय," आत्या समोरच्या पाहुण्यांना सांगायची. "लग्नाचा विषय आहे. फटकन उत्तर द्यायला ही काय एसटीची चौकशी खिडकी आहे? घ्या, तोवर चहा घ्या."

पाहुणे माना डोलवायचे आणि मी कानकोंडा व्हायचो. ज्याच्या पाटीवर 'संगणकाच्या सर्व तक्रारींवर खात्रीशीर उपाय' असं लिहिलंय, त्याच्याच आत्याच्या घरात ही खुरखुर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लग्न जमलं की दोन्हीकडची मंडळी कंदी पेढ्यांचा डबा घेऊन यायची आणि तो कोयरीशेजारी ठेवून नमस्कार करायची. एके काळी लग्नसराईत तिथं डब्यांवर डबे चढलेले मी पाहिलेत. पण दोन वर्षांपासून डबे कमी कमी होत चालले होते. पोरांच्या मोबाइलवर लग्नाची अ‍ॅप आली होती, तिथं बोट फिरवलं की मुलगी पुढे सरकायची. दसऱ्याला विदू आला आणि त्यानं विषय काढला.

"आई, आता बास झालं. तू पुण्याला चल. तुझ्या मंडळाला आता विचारतंय कोण?"

"विचारतात की."

"बरं, मग असं करू. पौष लागायच्या आत एक तरी लग्न जमवून दाखव. जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर मंडळ बंद आणि तू पुण्याला."

आत्या बोलण्याच्या भरात "हो, हो, दाखवते" म्हणून बसली. शब्दाची पक्की बाई. विदूची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि ती पायरीवर मटकन बसली.

"मला नाही जायचं रे सुहास," ती म्हणाली. "अकराव्या मजल्यावर घर आहे त्याचं. शेजारी कोण राहतं ते त्याला ठाऊक नाही. मी तिथं बोलू कुणाशी? लिफ्टशी?"

तिचे डोळे भरले होते. मला काही ते बघवलं नाही. माझ्यापाशी दुसरी विद्या कुठली, म्हणून मी ठरवलं की आत्याचा संगणक असा पळवायचा की मोबाइलवाल्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. दिवाळीला तिच्यासाठी साडी घ्यायची ती घेतली नाही, एसएसडी घेतली. तेव्हा ती चांगलीच महाग होती, आणि आत्यानं तिची तुलना विदूच्या सासऱ्याशी केली.

"हे बघ," मी धीर न सोडता म्हणालो. "तुझ्या जुन्या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे धावत माहिती हुडकते. म्हणून आवाज होतो, म्हणून वेळ लागतो. धक्का लागला तर दांडी तबकडीला घासते आणि खेळ खलास. नवीत धावपळच नाही. सगळं चिपमध्ये. विचारलं की उत्तर हजर."

"विचार न करता?"

"अगं, विचार जुनीसुद्धा करत नाही. शोधते."

"दहा वर्षं माझ्यासमोर करतेय आणि तू मला सांगतोस? बरं, म्हातारी झाल्यावर दोघींचं काय होतं?"

तिनं नेमकं दुखरं तेच विचारलं. "जुनी मरायच्या आधी बहुतेक वेळा कण्हते. खडखड करते, अडखळते. आपल्याला सावरायला वेळ मिळतो. नवी बहुतेक गप्प मरते. कालपर्यंत ठीक, आज नाही."

"आतोबा तसेच गेले तुझे," आत्या म्हणाली. मग पदरानं नाक पुसून उठली. "लाव बाबा. पोरानं हौसेनं आणलीय. पण ती जुनी भंगारात देऊ नकोस हं. किती जणांचे संसार तिनं मांडलेत. ती माझ्याकडे दे."

मी सगळी माहिती जुनीतून नवीत उतरवली, नवी जोडली आणि संगणक सुरू केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत स्क्रीन उजळली. एका मुलाचं नाव टाकलं, यादी हजर. खुरखुर नाही, किणकिण नाही. मी छाती फुगवून आत्याकडे पाहिलं. आत्या कोयरीकडे बघत होती.

"आजारी नाही ना ही?" तिनं विचारलं.

तुळशीचं लग्न झालं आणि पाहुणे यायला लागले. यादी आतोबांच्या काळापासूनची, त्यामुळे जुनी घरं अजून टिकून होती. मी मुद्दाम दुकान सोडून दोन-चारदा तिथं जाऊन बसलो, माझा पराक्रम डोळ्यांनी बघायला. आणि काय सांगू, काय तो वेग! मुलाचे वडील खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच यादी तयार. मुलाचं शिक्षण, पगार, उंची, गाव, सगळं जुळवून मुलींची नावं एकाखाली एक. छापलेला कागद हातात. "वा, वा! इंदुताई, एकदम अमेरिका केलीत!" म्हणत मंडळी चपला घालायची. यायला वेळ लागायचा त्याहून कमी वेळात परत जायची.

आणि लग्न एक जमेना.

कार्तिक सरला. मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले. कोयरीशेजारी पेढ्याचा एक डबा आला नाही. मी मुळापासून सगळं तपासलं. माहितीत चुका नव्हत्या, शोधाचे फिल्टर बरोबर लागत होते, प्रिंटरसुद्धा शहाण्यासारखा वागत होता. विदूचा दर रविवारी फोन यायचा. "काय म्हणतंय मंडळ?" तो विचारायचा आणि आत्या "थंडी फार आहे इकडे" असं उत्तर द्यायची.

या सगळ्यात आणखी एक त्रास सुरू झाला होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आत्या मला रोज कढी घालायला लागली होती. सोमवारी कढी, मंगळवारी दहीभात, बुधवारी ताकातली पालेभाजी, गुरुवारी पुन्हा कढी.

"आत्या, वरण विसरलीस का गं?"

"दही फार होतंय रे. दूध उरतं, मग विरजण लावते. ओतून कसं द्यायचं? अन्न आहे ते. खा गुमान."

मी गुमान खात होतो. थंडीच्या दिवसांत एवढं ताक पोटात गेल्यावर माणसाचं काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

अशातच एका सकाळी दुकानात एक मुलगी संगणकाची पेटी कडेवर घेऊन आली. पायात गमबूट, खांद्याला झोळीसारखी पिशवी. मी तिला लगेच ओळखलं. दगडेभाऊंची रेणुका. भांड्यांचं दुकान त्यांचं. आणि ही गुरांची डॉक्टर, जवळच्याच एका गावी जनावरांच्या दवाखान्यात नेमणूक. दोन दिवसांपूर्वी बापलेक मंडळात येऊन गेले तेव्हा मी तिथंच होतो. आमच्या एसएसडीनं तिच्यासाठी एका दमात भलीमोठी यादी काढली होती. पुणे, बंगळूर, दुबई, एक तर थेट कॅनडा.

"दवाखान्याचा संगणक आहे. बंद पडलाय," तिनं पेटी टेबलावर ठेवली. "बसू का? की इथंही तुमच्या आत्याच्या घरासारखं बसायच्या आधी उत्तर मिळतं?"

"म्हणजे? काम चटकन झालं ना त्या दिवशी?"

"झालं की. चहासुद्धा नाही मिळाला इतकं चटकन झालं."

मी हसलो. ती नाही हसली.

"तुम्हाला सांगू? दसऱ्याच्या आधी आम्ही पहिल्यांदा आलो होतो, तेव्हा तो संगणक खुरखुरत होता. चांगला तासभर बसलो. आधीच मला स्थळं मिळता मिळेनात. गुरांची डॉक्टर म्हटलं की मुलाची आई माझ्या हातांकडे बघते. बरं, जे तयार होतात त्यांच्यात आमचे बाबा काही ना काही खोट काढतात. याचं कपाळ मोठं, त्याचे मित्र फार. त्या दिवशी तुमच्या आत्यांनी चहा देता देता सहज विचारलं, 'घरात तुम्ही दोघंच, मग जेवता कधी हो?' बाबा म्हणाले, 'रेणू कितीही उशिरा येऊ दे, जेवायला आम्ही बरोबरच बसतो. हिची आई गेल्यापासून एक दिवस चुकलं नाही.' आत्या म्हणाल्या, 'मग ही गेल्यावर तुम्ही कुणाबरोबर जेवणार, दगडेभाऊ?'"

रेणुका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"बाबा रडले हो. एवढा दांडगा माणूस, चारचौघांत रडला. ती कपाळं आणि ते मित्र कशापायी निघत होते, ते तेव्हा कळलं. मलाही आणि त्यांनाही. आत्या म्हणाल्या, 'आता मला समजलं कुठं बघायचं ते. साताऱ्यातच बघू. घाई नाही.' आणि परवा आलो तर काय? कॅनडा!"

मी हातातला पेचकस खाली ठेवला. दूध! आत्याकडे इतकं दही कुठून येतंय ते मला एकदम उमगलं. पाहुण्यांच्या चहाचं दूध होतं ते. पाहुणे थांबतच नव्हते, तर चहा पिणार कोण? आणि चहा नाही तर आत्याची विचारपूस नाही. माणसं स्क्रीनकडे डोळे लावून बसायची तेव्हा त्यांच्या तोंडून खरं सुटायचं, आणि आत्या ते अलगद झेलायची. लग्नं त्या खुरखुरीत जमत होती. यादी हे नुसतं निमित्त. आणि मी काय केलं होतं? हौसेनं पदरचे पैसे घालून आत्याचा धंदा बसवला होता!

"अरे देवा," मी म्हणालो. "पौष कधी लागतोय?"

"चार दिवसांवर आलाय. का?"

"चला," मी दुकानाचं शटर ओढलं.

"अहो, माझा संगणक!"

"तो वाचेल. आत्या वाचली पाहिजे."

आत्या पडवीत गहू निवडत होती. मी विचारलं, "आत्या, ती जुनी डिस्क कुठंय?"

"देवात."

"कुठं?"

"देवात ठेवलीय. मग काय माळ्यावर टाकू?"

आम्ही देवघरात गेलो. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध हार्ड डिस्क ताम्हनात बसली होती. वर हळदकुंकू, अक्षता आणि शेवंतीचं ताजं फूल.

"आत्या, खरं सांग. हिला रोज आंघोळ घातलीस?"

"मला काय खुळी समजलास? यंत्राला पाणी घालतात होय? कोरडी पूजा करते. खंडेनवमीला करतो तशी."

डिस्कवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी इंग्रजीत बजावून लिहिलेलं असतं की हे भोक झाकू नका. तिथून ती श्वास घेते म्हणा ना. आत्यानं कुंकवाचा टिळा नेमका तिथं लावला होता. कपाळासारखी तेवढीच जागा सापडली असणार तिला. मी मऊ फडक्यानं कुंकू अलगद पुसलं, बाहेरच्या खोलीत येऊन संगणकातली एसएसडी काढली, जुनी जोडली आणि बटण दाबलं.

काही नाही. नुसता पंखा फिरल्याचा आवाज.

"गेली का रे?" आत्यानं विचारलं.

"थांबा," रेणुका म्हणाली. तिनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, गुडघ्यावर बसून संगणकाच्या कुशीला लावला आणि डोळे मिटले. गाभण म्हशीला तपासावं तसा तिचा चेहरा गंभीर झाला. मी आणि आत्या श्वास रोखून उभे.

"ठोके आहेत," ती म्हणाली. "सावकाश आहेत, पण आहेत."

आणि मग आली. खुरखुर. आधी दमेकऱ्यासारखी तुटक तुटक, मग सलग. वर कोयरीचं झाकण किणकिणायला लागलं. आत्यानं चक्क हात जोडले.

"कुणाचं नाव टाकून बघू?" मी विचारलं.

"हिचंच टाक," आत्या म्हणाली. "पोरगी आलीच आहे. मी चहा टाकते."

एवढ्या वर्षांत पाहुणे बसलेले असताना आत्या कधी खोलीतून उठलेली मी पाहिली नव्हती. चहाचं आधण आधीच ठेवलेलं असायचं. पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. ती आत गेली आणि आम्ही दोघं त्या खुरखुरीसमोर बसलो.

"कशा मुलाला शोधायला सांगू?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"नाक न मुरडणारा," रेणुका स्क्रीनकडे बघत म्हणाली. "मी घरी येते तेव्हा माझ्या अंगाला शेणाचा वास येतो. कधी त्याहून वाईट."

"मला रोज कढी खाऊन खाऊन आंबट ढेकर येतात. मी कुणाला काय नाक मुरडणार?"

ती फिस्सकन हसली. खुरखुर चालूच होती.

"तुमचं नाव का नाही हो या यादीत? परवा मी शोधलं होतं."

शोधलं होतं! माझे कान तापले. "आत्या म्हणते, घरचा माल दुकानात मांडू नये."

"आणि माल काय म्हणतो?"

आता मी स्क्रीनकडे अशा काही एकाग्रतेनं बघायला लागलो की जणू तिथं माझा दहावीचा निकाल लागणार होता. आणि तसंच बघत बघत, तिच्याकडे मान न वळवता, मी म्हणालो, "माल साताऱ्यातच राहणार. रात्री जेवायला उशीर झाला तरी चालतं त्याला. आणि पंगतीत आणखी एक पान वाढलं तर उलट बरंच वाटेल. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय."

खुरखुर थांबली. स्क्रीनवर यादी आली, पुण्यापासून कॅनडापर्यंत. आम्ही दोघांनीही ती वाचली नाही.

आत्या कपबशा घेऊन बाहेर आली. चहा कधीचा उकळलेला असणार, कारण तो काढ्यासारखा कडू झाला होता.

"काय म्हणतोय संगणक?" तिनं विचारलं.

"अजून विचार करतोय," रेणुका म्हणाली.

आत्यानं भरलेल्या स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "करणारच," ती म्हणाली. "चहा घ्या."

पौष लागायच्या आदल्या दिवशी दगडेभाऊ पेढे घेऊन आले आणि आत्यानं स्वतः होऊन विदूला फोन लावला.

"जमलं बरं का."

"कुणाचं?"

"सुहासचं."

"हॅट! घरातलं चालणार नाही. ते मोजायचं नाही."

"असं? मग तुझं कुणी जमवलं होतं रे? ते पण मोजू नको. सांग तुझ्या बायकोला, मोजणीत बसत नाही म्हणून."

पलीकडून विदूच्या बायकोचं हसू ऐकू आलं. विदूनं पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही. लग्नाला आला तेव्हा ती एसएसडी मात्र आपल्या लॅपटॉपसाठी मागून घेऊन गेला. "ने," आत्या म्हणाली. "आणि जो वेळ वाचेल त्यात शेजारी कोण राहतं ते जाऊन विचार."

माघ लागला आणि खुरखुर जोरात सुरू झाली. कढी बंद झाली. माझे सासरे रोज रात्री आमच्याकडे जेवायला येतात. रेणुका म्हशीच्या बाळंतपणात अडकली तर आम्ही दोघं तिची वाट बघत दारात बसतो.

गोष्ट खरं तर इथं संपायची, पण गेल्या वर्षी ती डिस्क कण्हायला लागली. खडखड, अडखळणं, सगळी लक्षणं. मी वेळीच माहिती काढून घेतली, आणि बरोबर आणखी एक काम केलं: तिची खुरखुर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली. थोड्याच दिवसांत डिस्क गेली. आत्या एका बारशाला वाईला गेली होती त्या दुपारी मी गुपचूप दुसरी एसएसडी बसवली आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव टाकलं की संगणक चहाला उकळी येईपर्यंत मुद्दाम थांबतो आणि तोवर स्पीकरमधून खुरखुर वाजते. आत्याला पत्ता लागला नाही. "आमची जुनीच अजून ठणठणीत आहे," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

परवा दुपारी डबा परत द्यायला मागच्या दारानं गेलो. बाहेरच्या खोलीत पाहुणे होते. खुरखुर चालू होती, आणि तिच्यासोबत कोयरी किणकिणत होती.

मी जागच्या जागी थबकलो. स्पीकर तर भिंतीवर होता. एसएसडीत काही फिरत नाही, काही हलत नाही. मग कोयरी किणकिणते कशी?

मी पडद्याआडून डोकावलो. आत्या मुलीच्या आईकडे सगळा जीव लावून ऐकत होती. तिचा डावा हात संगणकाच्या मागून वर गेला होता आणि तर्जनीच्या नखानं ती कोयरीचं झाकण वाजवत होती, किण, किण, किण.

पाहुणे गेल्यावर मी पुढे झालो. "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. आवाज होता, पण कोयरी गप्प."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं मन लावून केलेलंस. म्हटलं, वाटू दे पोराला आत्या फसली म्हणून." तिनं बोट चोळलं. "पण आता पंच्याहत्तरी उलटली रे. बोट दुखतं. त्या चिक्कीत एवढं सगळं मावतं म्हणतोस, तर या कोयरीचंही काहीतरी बघ."

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढून कोयरीखाली बसवली आणि वायर संगणकाला जोडली. नाव टाकलं. स्पीकर खुरखुरला, झाकण किणकिणलं. आत्यानं कोयरीवर तळहात ठेवून बघितलं.

"हां, आता विचार करतोय," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.